नाल्यातले मासे

चाचणीतले मासे मी बदलले होते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

साजगावच्या बाजूला कापड रंगवायच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. ऐंशी साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. रंगाचं पाणी चुना-तुरटीनं निवळून नाल्यात सोडायचं. ते निर्धोक आहे का, हे बघायला त्यात चार दिवस मासे ठेवायचे. शेजारच्या टाकीत साधं विहिरीचं पाणी, तुलनेला. मासे आणून दिले नाल्याकाठच्या एका शेतकऱ्यानं, वरच्या तळ्यातून, कळशी भरून. त्याला एवढंच हवं होतं, उन्हाळ्यात म्हशीला नाल्याचं पाणी पाजायचं की नाही.

दुसऱ्या सकाळी निवळलेल्या पाण्यातले सगळे मासे उलटे. विहिरीच्या पाण्यातले मजेत.

"मासेच अशक्त असतील," साहेब म्हणाले. "दुसरे घ्या."

कुठले, ते बोलले नाहीत. मुद्दामच बोलले नसणार. कागदावर सही माझी लागणार होती. आमच्या पाइपाखाली नाल्यात थोडे मासे तगून होते, त्या पाण्याला सरावलेले. तेच फडक्यानं धरून आणले. चौथ्या दिवशीही ते पोहत होते. मी सही केली.

संध्याकाळी तो शेतकरी आला, टाकीपाशी वाकला.

"जगले का वो सायेब, माजे मासे?"

"जगले की."

"दिले तवा चांदीवानी व्हते. आता काळपट दिसतान."

"इथे उजेड कमी आहे."

"आन ह्याची शेपटी खाल्लेली हाय. माज्यात असा नवता."

"अहो मामा, मासे कुणी ओळखतं का?"

"तुमी कागद वळखता, आमी मासे." तो हसला, पण नजर माझ्यावरच. "बरं. म्हशीला पाजू ना मंग?"

"पाजा."

नंतर मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून नाल्यावर नजर ठेवून असायचो. दोन दिवस म्हैस आली नाही. तिसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला. माझ्या शब्दावर, की वरचं तळं आटलं म्हणून, कोण जाणे. तिनं पाण्याला तोंड लावलं आणि मी खिडकी लावून घेतली.

पुढच्या महिन्यात दुसरीकडे नोकरी धरली. म्हशीचं काय झालं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

त्याच्या तळ्यातले मासे दुसऱ्याच सकाळी मेले होते. एवढं त्याला सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.