पपांचं दिकाऊन

मुंबईच्या विमानतळावर सुरक्षेवाल्या मुलीने पपांना विचारलं, "तुमच्याकडे कुणी काही न्यायला दिलंय का?" पपांना खरं बोलायची खोड. म्हणाले, "सगळ्यांनी." मग तासभर आमच्या बॅगा उघड्या. पापड, आमसुलं, लोणचं, पोह्यांच्या पिशव्या. प्रत्येक वस्तू कुणी दिली हे पपा नावानिशी सांगत होते आणि ती बिचारी लिहून घेत होती.

ही पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. आम्ही मराठी ज्यू; मी त्याच्या पंचवीस वर्षं आधी लग्न होऊन इस्रायलला, येरुहामला आले होते. आई गेली तेव्हा पपा शहात्तरचे होते, ठाण्यात एकटे, आणि मी एकुलती एक. म्हणून मी त्यांना न्यायला गेले. विमानात पट्टा बांधताना ते फक्त एवढंच म्हणाले, "तुझी आई मागे राहिली."

ठाणेकरांनो, तुम्ही पत्रात विचारायचात, पपा रमले का? मी लिहायचे, फर्स्ट क्लास. ते खोटं होतं, आता सांगते.

येरुहाम म्हणजे वाळवंटातलं छोटं गाव. मी कारखान्यात पॅकिंगला, नवरा बसवर ड्रायव्हर. पपा दिवसभर घरी. पहिले दोन महिने ते बाल्कनीत बसून बसच्या वेळा तपासायचे. चाळीस वर्षं एका गिरणीत टाइमकीपर होते, कोण किती मिनिटं उशिरा आला हेच त्यांचं काम. जावई लेट झाला की जेवताना त्याला सांगायचे. नवरा वैतागायचा. मग एक दिवस त्यांनी सांगणं बंद केलं आणि नवऱ्याला हायसं वाटलं. आम्ही किती मूर्ख होतो.

मग दाढी बंद झाली. मग सिनेगॉगमधली प्रार्थना. मग जेवण. "पोटात आग होते" म्हणायचे. मी ताक दिलं. "पाय दुखतात." मी तेल चोळलं. माझी मुलगी हिब्रूत म्हणाली, "सबा म्हातारे झालेत, ईमा." सबा म्हणजे आजोबा, ईमा म्हणजे आई. मलाही तसंच वाटलं. म्हातारपणी माणूस गप्प होतो, खात नाही, विसरतो. त्यांनी गॅस दोनदा चालू ठेवला तेव्हा मात्र मी त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई ओडेसाहून आलेल्या. त्यांचं हिब्रू पाच वर्षांत शिकलेलं, माझं कारखान्यातलं, आणि पपांचं शून्य. त्यांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, काही निघालं नाही. मग स्मरणशक्तीची परीक्षा. कागद पुढे करून म्हणाल्या, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

पपांनी गोल काढला, आकडे घातले, काटे बरोबर लावले, आणि खाली मराठीत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

मी वाचून सांगितलं, "उशीर. अर्धा दिवस खाडा."

बाई हसल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "डोकं शाबूत आहे. आता त्यांना विचार, मरून जावंसं वाटतं का?"

हा प्रश्न मराठीत, माझ्या बापाला? मी म्हटलं, "पपा, डॉक्टर विचारतात, झोप लागते का?"

"पहाटेच उघडते," पपा म्हणाले.

मी हिब्रूत सांगितलं, "नाही म्हणतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला तुमची भाषा येत नाही. पण तू खिडकीकडे बघून विचारलंस. मीही माझ्या आईला विचारलं नव्हतं. आता त्यांच्याकडे बघून विचार."

मी विचारलं. कसं ते आठवत नाही.

पपा एकदम सरळ बसले. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं, असा चेहरा. म्हणाले, "रोज वाटतं. पण इथे मेलो तर इथेच पुरणार. तिच्याशेजारी कोण? म्हणून पुढे ढकलतोय."

मी रडले. बाईंनी मला पाणी दिलं आणि त्यांना औषधाची चिठ्ठी. आजाराचं नाव सांगितलं, दिकाऊन. डिप्रेशन, असं मी समजावलं. वयामुळे आलेला नाही, औषधाने बरा होतो.

"टिकाऊ?" पपा म्हणाले. "मग बरा कसा होणार?"

सुरुवातीला अर्धी गोळी, मग पूर्ण, आणि गुण यायला पाच आठवडे. सोबत दर पंधरा दिवसांनी बाईंकडे जाऊन बोलायचं. पपांचं म्हणणं, पाच आठवडे कामावर न येणाऱ्याला गिरणीत काढून टाकत. मी शेजारीपाजारी सांगितलं, ब्लडप्रेशरची गोळी आहे. सासरकडच्यांनाही तेच. एक दिवस जिन्यात पिशवी फाटली आणि डबी खालच्या मजल्यावरच्या शोशानाच्या पायाशी गेली. शोशाना मोरोक्कोची, सत्तरीची, आवाज लाउडस्पीकरसारखा. डबी उचलून म्हणाली, "ही तर माझी गोळी. नवरा गेल्यापासून घेते." चार मजल्यांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी दोन बायका माझ्याकडे हळूच विचारायला आल्या, ही गोळी कोणते डॉक्टर देतात.

शोशानाच पपांना म्हाताऱ्यांच्या क्लबात घेऊन जायला लागली. ती अरबीत बोलायची, ते मुंबईच्या हिंदीत. साबण, किताब, दुनिया, खलास, एवढे शब्द दोघांना कळायचे आणि त्यावर त्यांचं तासन्‌तास चालायचं. सहाव्या आठवड्यात पपांनी दाढी केली. आठव्यात क्लबच्या मॅनेजरचा मला कारखान्यात फोन आला, गंभीर आवाजात.

"तुझे वडील दारात वही घेऊन बसतात," तो म्हणाला. "व्यायामाला उशिरा येणाऱ्यांना परत पाठवतात."

मी पॅकिंगच्या खोक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले. सुपरवायझरला वाटलं, घरी कुणी गेलं.

दोन वर्षांनी आम्ही ठाण्याला आलो तेव्हाचं तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पपांचे गिरणीतले मित्र सावंत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सून म्हणाली, "काका, आता वय झालं त्यांचं." पपा खाटेच्या कडेवर बसले आणि भरल्या घरात खणखणीत विचारलं, "सावंत, मरावंसं वाटतं का रे?"

सावंत सावकाश कुशीवर वळले. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी पपाच त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेले.

पपा नंतर सात वर्षं जगले. झोपेत गेले, आणि येरुहामच्या वाळूत आहेत. आईशेजारची जागा रिकामी राहिली, त्याचं मला वाईट वाटतं. ते जाऊन महिना झाला तेव्हा मीही पहाटे जागी व्हायला लागले, आणि शोशानाने वर येऊन मला तोच प्रश्न सरळ विचारला. मी खिडकीकडे न बघता उत्तर दिलं.

पूर्वी घर म्हटलं की मला ठाणं आठवायचं आणि आपण ते सोडलं याची खंत वाटायची. आता ज्या दारात मला कुणी हे विचारू शकतं आणि मला खोटं बोलावं लागत नाही, त्याला मी घर म्हणते. येरुहाममध्ये अशी चार दारं आहेत. ठाण्यात दोन. एका बाईला एवढी घरं पुष्कळ झाली.