ण साठी दोन एन

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला मराठी येत नव्हतं. म्हणून विद्यापीठाच्या कार्यशाळेतून नियमांचा कागद आला. मराठी पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरांत भरायची. न साठी एक एन, ण साठी दोन. ल साठी एक एल, ळ साठी दोन. सगळ्यांनी एकसारखं लिहिलं तरच कुणालाही, कुठूनही पुस्तक सापडणार. दिल्लीतल्या जोड-ल चं काय करायचं ते त्यात नव्हतं, पण मला कागद आवडला. मला नियम आवडतातच. मी बी.लिब.ला पहिल्या वर्गात आले होते आणि ओळख झाली की हे मी फार लवकर सांगत असे.

जुन्या कार्डांवरून नोंदी भरायचं काम माझ्याकडे होतं. सोबतीला जवळच्या कामतघरची एक मुलगी, उर्दू शाळेत शिकलेली, कॉम्प्युटर क्लास केलेली. मराठी झकास बोलायची, पण कार्डावरचं हाताने लिहिलेलं मराठी तिला पटपट वाचता यायचं नाही. मग आम्हीच सोय काढली. मी कार्ड मोठ्याने वाचायची, ती ऐकून टाईप करायची. बाहेर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, म्हणून मी चांगलं खणखणीत वाचायची. तिची बोटं इतकी झरझर चालत की स्क्रीनकडे बघायची मला गरज वाटली नाही.

नोंदी भरून झाल्या आणि तपासणीला कमिटी आली. कमिटीतल्या मॅडम आमच्या ग्रंथपाल सरांना म्हणाल्या, “शाळेवरची पुस्तकं काढून दाखवा.” सरांनी नियमाप्रमाणे दोन एल घालून शब्द टाकला. स्क्रीनवर काहीच आलं नाही, आणि सरांच्या पाठीमागे शाळेवरच्या पुस्तकांचा अख्खा कप्पा भरलेला. त्यांनी परत टाकला. परत तेच. शेवटी त्यांनी सगळी यादीच उघडली. मॅडमनी चष्मा लावला आणि जसं लिहिलंय तसं वाचायला सुरुवात केली.

“शाला आनि समाज. फलबाग.” मग त्या थांबल्या. “केली लागवड. कोणी केली?”

सगळे हसले. प्राचार्यही हसले, मीही हसले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पुस्तक केळी लागवडीचं होतं. कार्डावरचा ळ मला दिसत होता आणि तोंडातून ल बाहेर पडत होता. आमच्या कोन गावात ळ आणि ण कुणाच्या तोंडात नाहीत. पानी, डोला, शाला. कॉलेजात गेल्यावर मी शुद्ध बोलायला शिकले, निदान मला तसं वाटायचं. घाईघाईत वाचताना जीभ आपली घरी जाऊन आली होती.

टाईप करणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, मैंने तो जैसा सुना...” आणि तिने माझ्याकडे बघितलं. सर मला सांभाळून घ्यायला पुढे आले. “मॅडम, या बाई कोनच्या. तिकडे असंच बोलतात.”

मॅडम माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाल्या, “अहो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कॅटलॉगमध्ये नको.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण त्या समजूतदारपणे बोलल्या.

नोंदी मी एकटीने दुरुस्त केल्या, ओठ मिटून, कार्ड आणि स्क्रीन शेजारी ठेवून. कॅटलॉग नीट झाला. लाज मात्र कुठेतरी काढायला हवी होती, ती मी घरी काढली. आई जेवताना विचारायची, “पानी देव का?” मी म्हणायची, “पाणी. जीभ वर वळव, आई.” आधी ती हसायची. “आता कुठं माझी जीब वलतेय,” म्हणायची. पण मी सोडलं नाही, माझा स्वभावच तसा चिकट. हळूहळू तिचं हसणं थांबलं. लायब्ररीतली एक मैत्रीण घरी आली तेव्हा आईने चहा दिला, मान हलवली आणि एक शब्द बोलली नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

एका दुपारी लायब्ररीतला फोन वाजला. सरांनी उचलला.

“कोण बोलतंय?” त्यांनी ऐकलं. “हो, पण कोण?” परत ऐकलं. मग रिसिव्हरवर हात ठेवून ते हसत म्हणाले, “बाई, तुमचा आहे. कोणवरून.”

आई होती. मामा आलाय, लवकर ये, एवढंच सांगायचं होतं. पण चिखलातून चप्पल सांभाळत चालावं तशी एकेक शब्द जपून टाकत होती. माझ्या ऑफिसात फोन करायचा म्हणून तिने गावाच्या नावालाही ण लावला होता.

“आई,” मी आवाज खाली आणून म्हटलं, “आपलं गाव कोनच. त्यातला न बरोबर आहे.”

पलीकडून मग तिचा नेहमीचा आवाज आला. “म्हंजे तो नीट होता?”

“हो.”

“मंग बाय, आपला काय काय नीट हाय त्या एकदा सांग. त्याला मी हात न्हाय लावनार.”

“संध्याकाळी सांगते,” मी म्हटलं. सर समोरच बसले होते, म्हणून त्यातला ळ मी नीट उच्चारला.