टाकीवरचं नाव

आमच्या सेवा क्लबात भाषण संपलं की सगळे टाळ्या वाजवतात. भिसेगावचे हार्डवेअरवाले काका मात्र हात मांडीवर ठेवून विचारतात, "बरं, पुढं काय?" पाहुणे गडबडतात. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, क्लबचा सचिव. मलाही ते अवघडच वाटायचे.

यंदा सदस्य गळत होते. नवे यावेत म्हणून अध्यक्षांनी पदग्रहण समारंभ कळंबच्या रिसॉर्टवर ठरवला. ते ठरलं त्या बैठकीतच काका म्हणाले, "जेवणावळी घालून क्लब टिकत नाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी ते डोंगराकडच्या वाडीत गेले. तिथली आम्ही बांधलेली पाण्याची टाकी पाईप फुटल्यापासून कोरडी होती. तिच्यावरचं क्लबचं ठळक नाव त्यांनी पांढरा रंग फासून पुसून टाकलं.

पुढच्या बैठकीत अध्यक्ष भडकले. "काका, क्लबची अब्रू घालवलीत!"

"पाणी आलं की मीच लिवतो नाव. तवर तिथं नको."

मी उठलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "रिसॉर्ट रद्द करा. त्या पैशात पाईप टाकू."

अध्यक्षांनी राजीनाम्याची धमकी दिली.

"खुशाल द्या," मी म्हणालो, "पण रविवारी पाईप धरायला या."