‘त्री’चे दीड अक्षर

गेल्या नोव्हेंबरची बारा तारीख, बुधवार. अक्षरे एकोणीस, दर अक्षरी साठ रुपये, ठरलेली रक्कम अकराशे चाळीस. ठरवताना हजर तिघे: मी, पेंटरचाचा आणि त्यांची मुलगी. जागा केनवडच्या रस्त्याला लागून असलेली माझ्या रोपवाटिकेची भिंत, लांबी बावीस फूट.

मजकूर होता ‘मिरची टोमॅटो वांगी कोबी – खात्रीची रोपे मिळतील’. मी ‘कोबी’पुढे ‘यांची’ असा शब्द घातला होता. चाचांनी तो खोडला.

“यांची कायले पाह्यजे? तुमचे एकशेवीस वाचले,” ते म्हणाले आणि लगेच ‘त्री’वर बोट ठेवले. “पण हे जोडाक्षर हाय. याचे दीड.”

“कानामात्रा फुकट, मग जोडाक्षरही एकच,” मी म्हणालो.

“मात्रेले एक हात लागते, याले तीन. जाऊ द्या, तुमच्या वडलांनी बी नाई देल्ले, तुमी काय देता!”

रक्कम अकराशे चाळीसच राहिली. वडील असताना याच भिंतीवर चाचांनी लिहिले होते. ते लिखाण सोळा वर्षे टिकले, प्लास्टर सुटले तेव्हाच गेले. त्यानंतर मी दोन फ्लेक्स लावले. पहिला अकरा महिने चालला, दुसरा नऊ. प्रत्येकी सातशे वीस रुपये, शिवाय बांबू आणि तार. गावात फ्लेक्सचे दुकान चाचांच्या मुलीचेच आहे. दोन्ही तिथेच छापले होते.

“माह्यंच गिराईक माह्याच बापाकडं पळून राह्यलं,” ती हसत म्हणाली. निघताना मात्र ती फाटकापाशी थांबली आणि हळूच बोलली. “भाऊ, सहा वर्षं झाले, अब्बानं ब्रश धरला नाई. उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. चहाचा कप धरला तरी हात हालते. भितीवर सही केली त समजा जमलं. मनासारखं नसलं त ते सही करत नाईत. मंग घरीच बसतीन, कायमचे.”

तिच्या दुकानाच्या पाटीवर चाचांचेच आडनाव आहे. ती पाटी फ्लेक्सची आहे, आणि चाचा कधी त्या दुकानात बसत नाहीत.

गुरुवारी सकाळी आठला दोघे आले. चाचांनी सुतळीला खडू लावून भिंतीवर चार रेषा उठवल्या, स्टुलावर बसले आणि डाव्या हातातली काठी भिंतीला टेकवून तिच्यावर उजवे मनगट ठेवले. ‘मि’ लिहायला त्यांना वीस मिनिटे लागली. ‘कोबी’पर्यंत पोहोचेपर्यंत एका अक्षराला सात-आठ मिनिटे लागू लागली होती. मी घड्याळ पाहत होतो. मला सवय आहे.

हात विसावायचा तेव्हा ते बोलायचे. सोळाव्या वर्षी ते अकोल्याला सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या उस्तादाकडे गेले. दोन वर्षे फक्त डबे धुतले आणि रंग ढवळले, तिसऱ्या वर्षी हिरोइनचे केस भरायला मिळाले. “फक्त केस. तोंड उस्ताद करे. मी आठ महिने काळा रंगच देल्ला.” परत आल्यावर ट्रकचे फाळके, बियाणे-खताच्या भिंती, निवडणुकीतली चिन्हे, शाळांमधले सुविचार. पोहरादेवीच्या यात्रेआधी वीस दिवस ते तिकडेच राहायचे. नारळाच्या दुकानापासून पाळण्यापर्यंत सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. मग फ्लेक्स आला.

मी पावतीबुकाच्या पुठ्ठ्यावर आकडेमोड केली. वर्षाला दोनशे दिवस, दिवसाला चाळीस अक्षरे, अडतीस वर्षे. “चाचा, तीन लाख चार हजार अक्षरं झाली तुमची.”

“आन एकाबी जोडाक्षराचे दीड नाई भेटले,” ते म्हणाले.

‘खा’ छान उतरले. ‘त्री’ची खालची तिरकी रेघ ओढताना हात गेला आणि रेघ फाटली. चाचांनी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले. दुसऱ्यांदा तेच झाले. तिसऱ्यांदा पुसताना भिंतीचा पांढरा रंगही थोडा निघाला.

“मी काढू का, अब्बा?” मुलगी म्हणाली.

“तू तुह्या कंप्यूटरवर काढ. तिथं बटन दाबलं का अक्षर येते.”

जमिनीवर पडलेला खडू उचलून तिने माझ्या पाण्याच्या टाकीवर ‘त्री’ काढले, एकदाही न थांबता. चाचांनी डोळे बारीक करून पाहिले.

“हे कवा शिकली?”

“तुमी शाळेच्या भिती रंगवत होते तवा. डबा कोण आणे तुमाले?”

त्यांनी ब्रश तिच्याकडे दिला. काठी दिली नाही; काठी तेच धरून बसले आणि तिने मनगट त्यांच्या काठीवर ठेवले. ‘त्री’ भिंतीवर नीट बसले. मग ‘ची’पासून ‘मिळतील’पर्यंत पुन्हा चाचांनी लिहिले.

साडेचारला काम संपले. मुलगी डबे आवरत होती, पण तिचे लक्ष उजव्या खालच्या कोपऱ्याकडे होते. चाचा रस्त्याच्या पलीकडे जाऊन भिंत पाहून आले.

“अठरा माहे, एक हिचं,” ते म्हणाले. “सही कोनाची करू?”

हा हिशेब माझा नव्हता. चाचांनी बारीक ब्रश घेतला, कोपऱ्यात ‘पेंटर’ लिहिले आणि त्यापुढे आडनाव. आजवर मी पाहिलेल्या त्यांच्या प्रत्येक पाटीवर नुसते पहिले नाव असायचे.

मुलगी टर्पेंटाइनच्या डब्याचे झाकण बराच वेळ दाबत बसली. “अब्बा, घरी चाला,” ती शेवटी म्हणाली, “उद्या दुकानावर या. शटरवर दोन ओळी लिवाच्या हायेत.”

“अक्षरं मोजून ठेव,” ते म्हणाले.

पैसे तिथेच दिले. चाचांना अठरा अक्षरांचे एक हजार ऐंशी. मुलीला ‘त्री’चे, दीड धरून, नव्वद. एकूण अकराशे सत्तर. सहीच्या अक्षरांचे मी विचारले. चाचांनी घेतले नाहीत.