तीन-दोनचा दिवा

कारखान्याच्या वाहन विभागात आठ ड्रायव्हर होते आणि त्या गाडीकडे बघून सात जणांनी नाक मुरडलं. सत्त्याण्णव सालचा जानेवारी. चेअरमनसाहेब पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि बॅटरीवर चालणारी एक तीनचाकी पसंत करून आले. धूर नाही, आवाज नाही, पाहुण्यांना कारखाना दाखवायला झकास. पण जिला आवाजच नाही अशा गाडीत बसून श्रीगोंद्याच्या बाजारातून मिशीला पीळ देत जायचं कसं? शिवाय डिझेल नाही म्हणजे डिझेलवरची चिरीमिरीही नाही. तिला नाव पडलं ‘मुकी’. आणि जे कुणालाच नको असतं ते ज्याच्या गळ्यात पडायचं, त्याच्याच गळ्यात पडलं. तो आठवा ड्रायव्हर म्हणजे सहादू साळवे.

सहादू अकरा वर्षं हंगामी होता. गाळप सुरू झालं की कामावर यायचं, पट्टा पडून कारखाना बंद झाला की घरी बसायचं. त्याच्या मागून लागलेले तिघे कायम झाले होते, त्यातला एक कानिफनाथरावांचा साडू. हे कानिफनाथराव म्हणजे वाहन विभागाचे सुपरवायझर. मुकीची किल्ली सहादूच्या हातावर ठेवताना ते म्हणाले होते, “हिला नीट संभाळ. पुढच्या मोळीपूजनानंतर कायमची यादी लागंल, तीत तुजं नाव पयलं.” सहादूने हे वाक्य पदरी बांधून ठेवलं. त्याला आयुष्यात फार काही नको होतं. हजेरीपटावर नावापुढे जो ‘हंगामी’ शब्द होता, तो एकदाचा पुसला जावा एवढंच हवं होतं.

मुकीच्या हँडलसमोर बॅटरी किती उरली ते दाखवणारा एक काटा होता, आणि काट्याखाली कपाळावरच्या टिकलीएवढा लाल दिवा. कंपनीचा माणूस गाडी सोपवताना म्हणाला, “दिवा लुकलुकला की आम्हाला फोन करा.” पहिल्याच महिन्यात दिवा लुकलुकला आणि गाडी जागच्या जागी थांबली. फोन केला. माणूस चौथ्या दिवशी आला, पाच मिनिटांत एक वायर आवळली आणि चहा पिऊन गेला. चार दिवस सहादू बंद गाडीत राखणीला बसून होता. दुसरा उद्योग नसल्यामुळे तो त्या दिव्याकडेच बघत बसला, आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की दिवा उगाच लुकलुकत नाही. एकदा लागतो, जरा थांबतो, मग दोनदा लागतो. पुन्हा एक, पुन्हा दोन.

दुसऱ्या खेपेला त्याने बरोबर मोजलं: दोन आणि तीन. म्हणजे ही मुकी मुकी नव्हतीच. ती बोलत होती, ऐकणारा कोणी नव्हता.

गाडीबरोबर इंग्रजीतली एक पुस्तिका आली होती. ती कुठे असावी? तर वाहन विभागातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातलेली. सहादूने पायाखाली लाकडाची ढलपी सरकवली, पुस्तिका काढली आणि दुपारच्या सुट्टीत बसून आकड्यांचं पान जसंच्या तसं वहीत उतरवलं. सातवीपर्यंतचं शिक्षण; अक्षर न् अक्षर चित्र काढावं तसं काढलं. त्याची पोरगी यशोधरा डी.एड.ला होती. रविवारी ती घरी आली आणि वडलांच्या त्या चित्रांचं तिने मराठी करून दिलं. एक-दोन म्हणजे पायाखालच्या पट्टीची वायर सैल. दोन-तीन म्हणजे बॅटऱ्या उतरल्या. अशा नऊ जोड्या होत्या. तीन-दोनच्या भोवती मात्र जाड चौकट होती.

“दादा, हे ध्यानात ठेवा,” यशोधरा म्हणाली. “तीन-दोन म्हणजे आतला मोठा स्विच चिकटला. मग कधीकधी पाय उचलला तरी करंट चालूच राहतो. गाडी आपणहून बंद पडते, कारण ती चालू राहिली तर थांबायचीच नाही. खाली लिवलंय, काहीही झालं तरी चालवू नका.”

सहादूने त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतर कंपनीला फोन करायची वेळ आली नाही. दिवा लागला की सहादू मोजायचा, वही बघायचा आणि काय ते करायचा. बाकीचे ड्रायव्हर टपलेलेच असायचे. “काय सहादू, आज काय दिवे लावले?” असं कोणी विचारलं की तो भाबडेपणाने सांगायचा, “एक-दोन.” मग खो खो हसू. सगळ्यात मोठ्याने हसायचा ज्ञानेश्वर. त्याला सगळे माऊली म्हणायचे. मनाने वाईट नव्हता. सहादूच्या डब्यातली ठेच्याची चिमूट न विचारता उचलणारा तो एकटाच होता. पट्टा पडल्यावरही त्या वर्षी सहादूला घरी पाठवलं नाही. मुकी दुसऱ्या कुणाच्या हाताला बधायची नाही, म्हणून. सहादूला वाटलं, झालं, निम्मा कायम तर झालोच.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या गाड्या धुऊन रांगेत लावल्या. सहादूच्या बापाने छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते. सहादू पूजा करायचा नाही. गाडी लखलखीत करून लावायची आणि बाजूला उभं राहायचं, हा त्याचा नेम. त्यावरून त्याला कोणी बोलत नव्हतं, खोबऱ्याचा तुकडाही हातावर मिळायचा. सगळं कसं सलोख्याने चाललेलं होतं. कुणाचं काही अडलेलं नसलं की सलोखा फार स्वस्त असतो.

कानिफनाथरावांनी तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि एकेका गाडीला लावत आले. मुकीला कपाळ कुठलं? त्यांनी इकडेतिकडे बघितलं. काट्याखाली गोल, लाल, टिकलीएवढी जागा दिसली आणि अंगठा नेमका तिथेच टेकला. सहादूच्या तोंडावर आलं होतं, सायेब, तिथं नको. पण पूजेच्या वेळी, त्यातून आपण, कसं बोलायचं?

पूजेचं कुंकू कोणी पुसत नाही. ते आपोआप झडून जायचं असतं. पण तेलातलं ते कुंकू वाळून घट्ट बसलं.

नव्या हंगामाच्या मोळीपूजनाला दोन दिवस राहिले असताना मुकीने हिसका दिला आणि ती काट्याजवळ, म्हणजे उसाचं वजन करतात तिथे, उभी राहिली. सहादूने सवयीने दिव्याकडे बघितलं. दिवा कुठे होता? कुंकू होतं. त्याने आडवा हात धरून सावली केली, काही दिसेना. ओळखीच्या माणसाचं तोंड कोणी दाबून धरावं तसं त्याला झालं. शेवटी त्याने फडकं ओलं केलं आणि कुंकू पुसलं. दिवा लागला. तीन. थांबला. दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन.

गाडी ढकलत शेडमध्ये आणून तो तसाच कानिफनाथरावांकडे गेला. धाप लागली होती, पण मनातून थोडा फुशारलाही होता. आता तरी कळेल, ही वही कशाला लिहिली ते.

“सायेब, मुकी बाहीर काढायची न्हाई. तीन-दोन देतीय. आतला सुईच चिकाटलाय. कंपनीला फोन लावा.”

कानिफनाथरावांनी मान वर केली. “दिव्यावर तर कुकू हुतं. दिवा दिसला कसा?”

सहादूला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. “पुसलं की, सायेब.”

“काय पुसलं?”

शेडमध्ये चार-पाच जण होते, ते सगळे वळून बघायला लागले. सहादूला आता कळलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

“पूजेचं कुकू पुसलं तू? मोळी तोंडावर आली, आन गाडीचं कुकू पुसतो?” कानिफनाथराव उठून उभे राहिले. “तुमच्यात न्हाई पाळत, नका पाळू. आमी कधी बोललो का? पन गाडी कारखान्याची हाय, तुज्या घरची न्हाई.”

“सायेब, दिवा बगायचा हुता. तीन-दोन—”

“तुजं तीन-दोन घाल चुलीत!”

अकरा वर्षांत मिळवलेलं सगळं त्या एका शब्दात गेलं. तीन-दोन कुणाच्या कानात शिरलंच नाही, सगळ्यांना ऐकू आलं ते एवढंच, की सहादूने कुंकू पुसलं. त्याच दुपारी त्याची किल्ली काढून घेतली आणि त्याला बगॅसवर, म्हणजे उसाचा चोथा ओढायला पाठवलं. मुकी माऊलीकडे गेली. वायरमनला बोलावलं. त्याने आत बघितलं, पण त्याला त्यातलं काही कळेना. आपल्याकडे अशा वेळी जे करतात तेच त्याने केलं: मधलं सगळं टाळून एक वायर या टोकाकडून त्या टोकाला जोडली. “डायरेक्ट केली सायेब,” म्हणाला. गाडी चालू झाली. सगळ्यांना बरं वाटलं. कानिफनाथरावांनी नवं कुंकू लावलं, पहिल्यापेक्षा जाड.

सहादूने संध्याकाळी माऊलीला गाठलं. “माऊली, पाया पडतो, ती गाडी हानू नको. कवातरी पाय उचलला तरी थांबायची न्हाई ती.”

माऊली हसला. “सहादूभाऊ, लावलेस तेवढे दिवे बास झाले. गाडी पळतीय की झ्याक.”

सहादूने आणखी हट्ट धरला असता तर? चेअरमनच्या दारात जाऊन बसला असता, वायर तोडून टाकली असती तर? पुढे कित्येक वर्षं तो हेच मनात उगाळत राहिला. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्याच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला होता. पडू दे बंद. भर मोळीपूजनात, सगळ्या पाहुण्यांपुढं बंद पडू दे. मग येतील मला शोधत. गाडी बंद पडेल एवढंच त्याच्या मनात होतं. डायरेक्ट केलेली गाडी बंद पडायची नव्हती, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

मोळीपूजनाच्या सकाळी माऊली नारळांची पोती घेऊन गेस्ट हाऊसच्या उतारावरून खाली येत होता. खाली मांडव होता, मांडवात बायापोरं बसलेली. माऊलीने पाय उचलला. गाडी थांबली नाही. त्याने ब्रेक दाबला, किल्ली काढून फेकली, मोटार ओढतच राहिली. मुकीला आवाज नव्हता, त्यामुळे मांडवातल्या कुणाला पत्ताही लागला नाही. माऊलीने शेवटच्या क्षणी हँडल वळवलं आणि मांडव वाचवला. गाडी उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेली. बगॅसच्या ढिगावरून सहादूला फक्त घरंगळत जाणारे नारळ दिसले. तो ढिगावरून उड्या मारत धावत सुटला, पण जाऊन काय करणार होता? माऊली जागीच गेला होता.

दुपारपर्यंत गावात एकच बोलणं झालं. वायर कुणी जोडली हे कोणी बोललं नाही. सहादूनं गाडीचं कुकू पुसलं, हेच जो तो बोलत होता.

तरीही दहाव्यानंतर सहादू माऊलीच्या घरी गेला. माऊलीची बायको छबूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. सहादूने वही बरोबर नेली होती. तिला ते पान दाखवावं, सांगावं, मी बोललो होतो. पण तिच्याकडे बघून त्याचा हात खिशातून बाहेर निघेना. तिनेच वर बघितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

“भावजी, गाडीचं पुसलं ते पुसलं. माजं कशापायी पुसलंत?”

सहादू उठला आणि घरी आला.

आठवड्याने यादी लागली. पाच नावं होती, त्यात सहादू नव्हता. अपघाताच्या चौकशीच्या कागदावर मात्र तो होता. ‘सदर इसमास बिघाडाची आगाऊ माहिती होती’ असं लिहिलं होतं. तोंडी विचारलं तेही असंच: कुणालाच न कळलेला बिघाड तुलाच आकड्यासकट कसा ठाऊक? म्हणजे ज्याला कळलं, त्यानंच केलं. अकरा वर्षांच्या आयुष्याचा हिशेब कोणत्या शहाण्याने असा मांडला देव जाणे!

त्यानंतर कंपनीचा इंजिनिअर आला. सहादूलाही शेडमध्ये बोलावून उभं केलं. चेपलेल्या मुकीचं पुढचं झाकण काढून इंजिनिअरने आत बघितलं, ती वायर बघितली. मग म्हणाला, “स्विच चिकटलेला आहे. दिव्याने आधीच दाखवलं असणार. कुणी बघितला नाही दिवा?” त्याने आपली बॅटरी आणून जोडली. “दिसत का नाहीये? काय लागलंय यावर? जरा पुसा हो.”

कानिफनाथराव लगबगीने पुढे झाले. खिशातला पांढरा रुमाल काढला, त्यावर थुंकी लावली आणि कुंकू खसाखसा पुसून टाकलं. दिवा लुकलुकायला लागला. तीन, दोन. तीन, दोन. शेडमध्ये बाकी सगळ्या गाड्यांचे लोक उभे होते. कुणाची भुवई हलली नाही.

सहादू त्यांच्याकडे एकेक करून बघत राहिला. मग कानिफनाथरावांना म्हणाला, “सायेब, रुमाल लाल झाला तुमचा.”

कानिफनाथरावांनी रुमालाची लाल बाजू आत घेतली, नीट चौकोनी घडी केली आणि तो खिशात ठेवला.