राजधानीला घातलेला वळसा

बाई गेल्याची बातमी त्यांच्या भाचीने, शालूने, फोनवर सांगितली. सकाळी चहा घेतला, कप स्वतःच विसळून पालथा घातला, खुर्चीत येऊन बसल्या आणि… "दादा, मावशीले काईच तरास झाला नाई. कोनाले तरास देल्लाबी नाई," शालू म्हणाली. नव्वदी ओलांडलेलं माणूस, तरी मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण रडता रडता हसूही आलं. कोणाला त्रास न देता जाणं हे सुभद्राबाईंच्या स्वभावात कुठे बसतं? आम्हा विद्यार्थ्यांना तर त्यांनी तो मनसोक्त दिला होता.

पन्नासचं दशक सरायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. सूरजागडच्या डोंगराखालचं आमचं गाव. घरात, रानात, देवापुढे सगळीकडे गोंडी. गावात शाळा मंजूर झाली होती, पण आलेले दोन मास्तर पोरांचं एक अक्षर न कळून महिन्याभरात पळाले. तिसराही पळाला तर शाळा दुसऱ्या गावाला जाणार होती. गावात चार बुकं शिकलेला मी एकटा. मला मास्तरकी मिळायची तर मराठीची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी, आणि माझी मराठी म्हणजे बाजारात मीठ-मिरची घेण्यापुरती. कोणीतरी सांगितलं, चांद्याला जटपुऱ्यात एक मास्तरीणबाई आहेत, रविवारी बाहेरच्या लोकांना फुकट मराठी शिकवतात. मी चांद्याला मुक्काम हलवला.

फुकट होतं, पण पाय मोडायचे. बाईंची शाळा चार भिंतींत भरतच नसे. गोंडराजांच्या या जुन्या राजधानीला भला थोरला परकोट, म्हणजे तट आहे, त्याला वळसा घालत आमचा वर्ग चाले. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर… प्रत्येक वेशीपाशी थांबायचं, तिथे राहणाऱ्या माणसांना तिची हकिगत विचारायची आणि ती सगळ्यांसमोर मराठीत सांगायची. नियम एकच. ज्याच्या तोंडून हिंदी निघेल त्याने मागच्या वेशीपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. आता चांद्याची माणसं भली. समोरचा अडखळला की त्याची कीव येऊन लगेच हिंदीत शिरतात, आणि शिकणाराही सुटलो बुवा म्हणत त्यांच्या मागे जातो. सिरोंच्याचा राजय्या, घरी तेलुगू बोलणारा, एकदा पठाणपुऱ्याला एका म्हाताऱ्याला "थोडा पानी मिलेगा?" म्हणाला. बाईंनी छत्रीने बिनब्याची दिशा दाखवली.

"बाई, तहान लागली जी," तो कळवळला.

"पानी प्यायचं असन तं मराठीत तहान लागू दे. चाल!"

मी मात्र एकदाही परत गेलो नाही, कारण मी बोलतच नसे. परीक्षेला नावं बाईच पाठवत. तिथे एखाद्या ठिकाणाची माहिती सांगायला लावत, म्हणून अंचलेश्वराजवळच्या राजांच्या समाध्या बाईंनी मला नेमून दिल्या होत्या. तिथला इतिहास मी बाईंच्या वहीतून घोकून ठेवला होता, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवला असता. पण त्या रविवारी समाध्यांपुढे उभं केलं आणि माझी दातखीळ बसली.

"काऊन रे, पाठ करून आला होता ना?"

बाईंनी दोनदा विचारलं, मग वहीत लिहिलं आणि मला वाचायला दिलं. 'या खेपेला याचे नाव पाठवू नये.' पुढची खेप वर्षाने होती. तोवर गावात शाळा राहणार नव्हती.

खरं कारण असं की आमच्यात पुरख्यांच्या दगडापुढे रिकाम्या हाताने जात नाहीत. मूठभर तांदूळ, मोहाची चार फुलं ठेवायची, आपण कोण, कुठले, कशाला आलो ते सांगायचं, मग बाकीचं बोलणं. आता ते राजे आणि आम्ही डोंगरातली माणसं. आमच्या सात पिढ्यांत कोणी राजवाड्याची पायरी पाहिली नव्हती. तरी पुरखे ते पुरखे. हे बाईंना सांगायला मराठी होती, धीर नव्हता.

पुढच्या रविवारी मी वर्गाला दांडी मारली आणि एकटाच समाध्यांवर गेलो. तांदूळ ठेवले, फुलं ठेवली आणि गोंडीत बोलायला लागलो. मी अमक्याचा नातू, तुमची गोष्ट परक्या भाषेत सांगायची आहे, चुकलं तर पदरात घ्या… मागून आवाज आला, "काय बोलून राह्यला तू त्यायच्याशी?" वर्ग सोडून बाई मला शोधत आल्या होत्या.

मला राग आला. आठवडाभराचा साचलेला. मी वळलो आणि जे बोलत सुटलो ते थांबलोच नाही. पुरख्यांचं सांगितलं, दगडांचं सांगितलं, पळून गेलेल्या मास्तरांचं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "बाई, तुमच्या आजोबाच्या उशाशी कोनी चपला घालून उभं राह्यलं आन् त्यायचीच गोष्ट सांगू लागलं, तं चालन काय तुमाले?"

बाई स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या. मग चपला काढल्या, हातात घेऊन दूर दारापाशी ठेवून आल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"चूक माही झाली. इतके वर्सं मी इथी लोकायले आनून राह्यली… मले कोनी सांगतलं नाई, आन् मीनंबी इचारलं नाई." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "आन् तू? एवढं भांडला माह्याशी, ते कोन्त्या भाषेत भांडला रे?"

माझं नाव परीक्षेला गेलं. मी पास झालो, शाळा गावातच राहिली आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच शिकवलं. पोरं माझी, भाषा माझी, पळून जायचा प्रश्नच नव्हता.

शाळा उघडली त्याच महिन्यात बाईंचं पोस्टकार्ड आलं, देवनागरीत लिहिलेलं, पण गोंडी! बाजारात मोहफुलं विकायला येणाऱ्या बायांकडून त्यांनी शब्द गोळा केले होते. खाली मराठीत दटावणी: 'चुका दाखवून परत पाठव. भीड ठेवू नकोस.' त्या पत्रात बाईंनी मला जेवायला बोलावलं आहे की मलाच शिजवायला काढलं आहे, हे आमच्या घरात शेवटपर्यंत ठरलं नाही. मी भीड ठेवली नाही, लाल शाईने सगळं कार्ड रंगवून परत केलं. दर महिन्याला एक कार्ड यायचं, मी तपासून परत टाकायचो. फोन आले तरी बाईंनी हा उद्योग सोडला नाही. शेवटची काही वर्षं अक्षर कापरं झालं, चुका मात्र ठणठणीत राहिल्या.

बाई गेल्या त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. जाण्याआधी टाकलेलं. यंदा मोह कसा फुलला, माझ्या नातवाचं लग्न कुठवर आलं, असलंच सगळं. मी दिवसभर ते घेऊन बसलो. चार चुका होत्या. चारही लाल शाईने दुरुस्त केल्या, माझ्या पत्त्यावर कोरा कागद चिकटवला, त्यावर बाईंचंच नाव-पत्ता घातला आणि टपालपेटीत टाकून आलो. पोस्टाने परत आलं तरी चालेल, पण मी भीड ठेवली असं बाईंना वाटायला नको.