बोगद्यातले ठोके

२ नोव्हेंबर १९५९ रोजी, एक्केचाळीस हजार दोनशे पौंडांना, सीरियाच्या किनाऱ्याजवळच्या अरवाड बेटावरच्या चार भावांनी ग्रीसमधल्या पिरेयस बंदरात एक जुने मालवाहू जहाज विकत घेतले. ते आणायला गेलेल्या खलाशांत बहजत हा इंजिनवाला होता, आणि त्याच्या बहिणीचा नवरा सुबही, जो यंत्रांना तेल घालायचे काम करी. दोघे एकाच गल्लीत वाढलेले.

जहाज बांधले इंग्लंडमध्ये, ऐन युद्धात, १९४३ साली. तेव्हा नाव 'एम्पायर बार्ली'. पीठ, डबाबंद मांस आणि तोफगोळे भरून ते इतर जहाजांच्या तांड्यातून भूमध्य समुद्रात ये-जा करी. अल्जीरच्या वाटेवर एका पाणतीराने त्याचा मागचा भाग फोडला. इंजिनघरापासून पाठीमागच्या पंख्यापर्यंत जाणारा लोखंडी दांडा एका अरुंद बोगद्यातून जातो. माणूस वाकून चालेल एवढाच तो बोगदा. पाणी इंजिनघरात शिरू नये म्हणून बोगद्याचे जाड दार घाईने बंद करण्यात आले. आत एक तेलवाला होता. जहाज वाचले.

युद्धानंतर ग्रीकांनी ते घेतले, 'अँजेलिकी' नाव दिले, आणि बारा वर्षे त्यातून कोळसा, गहू, सिमेंट वाहिले. आता ते 'बिंत अरवाड', म्हणजे अरवाडची लेक झाले. जुनी नावे पत्र्यावर वेल्डिंगने उठवलेली. वरून कितीही रंग फासला तरी उन्हे तिरपी झाली की तिन्ही नावे एकावर एक दिसत.

ताबा देताना ग्रीक इंजिनवाल्याने बहजतला बोगद्याच्या दारापाशी नेले. "आत म्हातारा आहे. खवळलेल्या समुद्रात ठोकतो. दार उघडायचं नाही. तीन ठोके देऊन उत्तर द्यायचं, की गप्प होतो."

"म्हणजे जहाजावर भूत फुकट!" सुबही म्हणाला. "मालकांना सांगू नकोस, त्याचाही पगार कापतील."

पहिल्याच हिवाळ्यात ठोके आले. बहजतने पान्याने दारावर तीनदा ठोकले. आतला आवाज थांबला. मग ती रीतच पडली. पाळी बदलताना एकजण विचारी, "काकाला सलाम केला का?" आणि दुसरा सांगे, "केला, मजेत आहे." सुबही तर कधीकधी चहाचा पेला दाराशी ठेवून म्हणे, "काका, साखर बेताची आहे हं. भाव चढलेत."

१९६६ च्या फेब्रुवारीत जहाज रुमानियातल्या कोन्स्तांत्साहून सीरियातल्या लाताकियाला लाकूड घेऊन निघाले. खण भरून उरलेले लाकूड डेकवर रचले होते. बोगद्यातून वर निसटायची शिडी मागच्या बाजूला एका झाकणाखाली निघते. त्या झाकणावरही फळ्यांची थप्पी आली होती. सगळ्यांना दिसत होते. कोणी बोलले नाही, कारण लाकडाचे भाडे चांगले होते.

ऱ्होड्स बेटाजवळ वादळ उठले. कप्तान मुनीर यांनी बोगद्याचे दार बंद करायला सांगितले. त्याचे चाक वरच्या मजल्यावर. फिरवणाऱ्याला खाली कोण आहे ते दिसत नाही. सुबहीची पाळी संपली होती, तो झोपायला गेला असेल असे बहजतने धरले आणि वर जाऊन चाक फिरवले. सुबही मात्र जाता जाता दांड्याला तेल घालायला आत शिरला होता.

थोड्या वेळाने ठोके आले. बहजतने तीन ठोके दिले. पुन्हा आले, जोरात.

"काका आज चिडलाय," बॉयलरवाला म्हणाला.

"असल्या हवेत तूही चिडला असतास," बहजत म्हणाला आणि पुन्हा तीन दिले.

ठोके बदलले. घाईचे झाले, मग सावकाश. मग एक ताल आला. अरवाडच्या लग्नात नवऱ्या मुलाला होडीतून मिरवताना डफावर जो वाजतो, तोच. बहजतचा हात क्षणभर थांबला. इंग्रज भुताला हा ताल कुठून ठाऊक?

"इतकी वर्षं आपल्यात राहिलाय," तो हसून म्हणाला. "शिकला असेल!"

आणि त्याने तालाचा उरलेला अर्धा भाग पान्याने दारावर वाजवून पुरा केला.

त्यानंतर आतून आवाज आला नाही. जेवायला हाक मारली तेव्हा सुबहीचा बिछाना रिकामा दिसला. बहजत धावत वर गेला, त्याने चाक फिरवले. दार सरकले तसे पाणी इंजिनघरात लोटले. सुबही भिंतीला टेकून उभा होता. छातीपर्यंत तो ओला होता आणि हातातला पाना सुटत नव्हता. लाताकिया येईपर्यंत तो एकच वाक्य बोलला.

"छान वाजवत होतास."

सुबही पुन्हा समुद्रावर गेला नाही. बेटावर जाळी विणू लागला. घराची सगळी दारे त्याने बिजागऱ्यांतून काढली, बाहेरचेसुद्धा, आणि गोणपाटाचे पडदे लावले. बहजतची बहीण नजीहा घाटावर भेटली की कुरकुरे, "दादा, मांजरं शिरतात, वारा शिरतो, शेजारीण तर थेट चुलीपाशी येते! तू सांग ना त्याला काहीतरी."

"मी काय सांगू?" बहजत म्हणे. त्या फेरीनंतर त्या घरात त्याने पाऊल टाकले नव्हते.

१९७२ साली जहाज तुर्कस्तानातल्या भंगारवाल्यांना विकले गेले. पोचवायला बहजतच गेला. समुद्र तळ्यासारखा शांत होता, तरी भर दुपारी ठोके आले. त्याने उत्तर दिले नाही. वर जाऊन दार उघडले. बोगद्यात दांडा फिरत होता, बाकी कोणी नव्हते. बंदर येईपर्यंत त्याने ते उघडेच ठेवले, आणि तेवढा वेळ दाराकडे पाठ केली नाही.

परतल्यावर तो सुबहीच्या घरी गेला. त्या वादळाआधी कोन्स्तांत्साला सुबहीने त्याला त्याच्या मुलीच्या बुटांसाठी पंचवीस लिरा उसने दिले होते; ते परत करायच्या निमित्ताने आत जाता येईल असे त्याला वाटले होते. पडद्यापाशी तो थांबला. हात वर गेला, पण ठोकायला तिथे काहीच नव्हते. आत जाळ्याची सुई चालू होती. ती थांबली.

"कोण आहे?" सुबहीने विचारले.

बहजतने पडद्याची कड धरली. मग ती सोडून दिली.

"कोण आहे रे?" आवाज आता बारीक झाला होता. "बोल की."

बहजत गल्लीतून परत फिरला. त्यानंतरही तो तीनचारदा पडद्यापर्यंत जाऊन आला.

सुबहीचे पंचवीस लिरा अजून द्यायचे आहेत.